डॅन मॅकेन्झी : कारण बाजूला ठेवण्याची हातोटी

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, मी सोबत दोन वस्तू आणल्या आहेत. एक, पांडवलेण्यांच्या डोंगराकडून आणलेला काळ्या पाषाणाचा तुकडा, आणि दुसरी, एक मोसंबी. आज ज्यांच्या संशोधनाविषयी बोलायचे आहे ते डॅन मॅकेन्झी हे १९४२ साली जन्मलेले ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ असून त्यांची कारकीर्द केंब्रिज विद्यापीठात गेली आणि त्यांच्या गाजलेल्या कामाचा मोठा भाग महासागरांच्या तळाशी निगडित आहे. तरीही त्या कामाचा धागा शेवटी या काळ्या तुकड्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून तो नाशिकमध्ये सांगायला हवा.

मॅकेन्झी मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. संशोधनासाठी ते केंब्रिजमधील भूभौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड बुलार्ड यांच्याकडे आले. त्याच विभागातले ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६२ च्या अखेरीस ‘ओवेन’ या जहाजावरून अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेची चुंबकीय पाहणी केली होती, आणि तिच्या आधारे फ्रेड व्हाइन व मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये असे मांडले की सागरतळ मधोमध उकलत जातो, तिथे वर आलेला शिलारस थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो आणि पृथ्वीचे क्षेत्र मधूनमधून उलटत असल्यामुळे तळावर सुलट-उलट पट्टे उमटतात. ही उलटापालट, माझ्या हातातला तुकडा ज्याचा आहे त्या आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या कातळातही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे हे १९५० च्या दशकातच दख्खनच्या पाषाणाचे चुंबकत्व मोजत होते, आणि हा कातळ ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असे त्या काळच्या मोजमापांतून दिसत होते. व्हाइन यांची कल्पना मॅकेन्झींच्या डोळ्यांसमोर घडली, पण ती त्यांना पटली ती १९६६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या परिषदेत नवे पुरावे पाहिल्यावर. शेजारच्या खोलीतले मोठे काम ओळखायला असा वेळ लागतो, हे आपण सगळेच जाणतो.

आता मोसंबी. तिच्या सालीवर मी ओल्या कागदाचा एक कपटा चिकटवला आहे. तो न उचलता, न सुरकुतू देता, मी कसाही वेडावाकडा सरकवत दुसरीकडे नेला, तरी पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर जाण्यासाठी मोसंबीच्या केंद्रातून आरपार खुपसलेल्या एकाच सुईभोवतीचा एकच फेर पुरतो. हा गणितज्ञ ऑयलर यांचा अठराव्या शतकातला सिद्धांत. बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये अटलांटिकचे दोन्ही काठ जुळवताना तो वापरला होता. मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांनी पुढचे पाऊल टाकले : पृथ्वीचे कवच काही ताठ तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे, आहे, ते आतून मोडत नाहीत, आणि सगळी हालचाल त्यांच्या कडांवर होते, असे धरले तर दोन तुकड्यांमधील भूकंपांच्या सरकण्याच्या दिशा एकाच अक्षाभोवतीच्या वर्तुळांवर बसल्या पाहिजेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन आंद्रेयास विभंगापासून (कवचातल्या भेगेपासून) अलास्का आणि अल्यूशियन बेटांवरून जपानपर्यंतच्या भूकंपांवर त्यांनी हे पडताळून पाहिले. नकाशाच्या ध्रुवाच्या जागी त्यांनी हा फिरण्याचा अक्ष ठेवला आणि सरकण्याच्या दिशा दाखवणारे बाण एकमेकांना समांतर झाले.

हा निबंध ३० डिसेंबर १९६७ च्या ‘नेचर’मध्ये आला. त्यात भूपट्टांना कोण ढकलते, याचे उत्तर नाही. वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे सांगितले तेव्हा ‘कोणत्या बलाने?’ या एका प्रश्नावर त्यांची मोठी अडचण झाली होती. मॅकेन्झींनी तो प्रश्न खुंटीला टांगला आणि फक्त भूमिती मांडली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म हेच आहे. (निबंध छापून येण्याच्या एकोणीस दिवस आधी, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला होता. त्याबद्दल मात्र हा सिद्धांत मौन पाळतो, कारण कोयना भूपट्टाच्या कडेवर नाही. त्या भूकंपाचा संबंध धरणातल्या पाणीसाठ्याशी जोडला जातो.)

प्रिन्स्टनचे जेसन मॉर्गन यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती आणि १९६७ च्या एप्रिलमध्ये ती एका सभेत सांगितलीही होती. मॅकेन्झी त्या सभेला गेले होते, पण मॉर्गन यांचे भाषण मात्र त्यांनी ऐकले नव्हते. मॉर्गन यांचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून, तीन भूपट्ट जिथे भेटतात त्या बिंदूंचा निबंध लिहिला. श्रेयाच्या भांडणाची संधी अशी वाया घालवणारी माणसे विज्ञानात फार नसतात.

आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम १९७१ चे. जॉन स्क्लेटर यांच्यासह त्यांनी हिंदी महासागराचा उत्तर क्रिटेशियस काळापासूनचा, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या पर्वापासूनचा, इतिहास उलगडला. हा महासागर गुंतागुंतीचा आहे. त्याच्या मध्यभागी तीन पर्वतरांगा एकत्र येतात, तर ९० पूर्व रेखांशाच्या बाजूने हजारो किलोमीटर लांब, सरळ रेषेत एक कटक, म्हणजे पाण्याखालची डोंगरधार, गेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला चुंबकीय पट्टे पूर्व-पश्चिम पडलेले आहेत, म्हणजे तिथला तळ उत्तर-दक्षिण उकलत गेला. एकेका पट्ट्याचे वय ठरवायचे, तेवढा तळ मिटवायचा आणि भारत मागे दक्षिणेला न्यायचा, अशी ही रीत. जहाजांच्या नोंदी विरळ आणि त्यातही तुटक होत्या. तरी त्यातून निघाले ते थक्क करणारे होते : आशियाला भिडण्यापूर्वी भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे येत होता, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो एकदम मंदावला. पंधरा सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षांत दीडशे किलोमीटर, साधारण इथून मुंबई. हिमालयाविषयी आज आपण जे बोलतो, त्याची वेळापत्रके पुष्कळशी समुद्राच्या तळावरून आली आहेत.

१९७८ चा निबंध अवघा आठ पानांचा. कवच ताणून पातळ केले तर जमीन आधी झटकन खचते आणि खालचा तापलेला भाग निवत जाईल तशी पुढे कोट्यवधी वर्षे हळूहळू खचत राहते, एवढेच तो सांगतो. कोण ताणते, हा प्रश्न पुन्हा खुंटीवर. पण ताण किती पट पडला, या एका आकड्यावरून गाळ किती साचेल आणि तो किती तापेल हे काढता येत असल्याने तेलशोधकांनी तो लगेच उचलला. मुंबई हायचे तेल ज्या किनारी द्रोणीत आहे, तीही अशा खचण्यातूनच घडली.

आता हा दगड. १९८४ मध्ये मॅकेन्झींनी अर्धवट वितळलेल्या खडकातून शिलारस कसा पिळून निघतो याची समीकरणे मांडली, आणि १९८९ मध्ये रॉबर्ट व्हाइट यांच्यासह ती फाटणाऱ्या खंडांना लावली. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, वर आले की त्याच्यावरचा दाब घटतो आणि आच न वाढताही ते वितळू लागते. नेहमीच्या तापमानाला त्यातून साधारण सात किलोमीटर जाडीचे सागरी कवच बनते. तेच प्रावरण शंभर अंशांनी अधिक तप्त असेल तर शिलारस दुप्पट होतो, दोनशे अंशांनी असेल तर चौपट होऊ शकतो. सेशेल्सची बेटे भारतापासून तुटताना खाली असा तप्त स्तंभ होता आणि म्हणून दख्खनचा कातळ ओतला गेला, असे त्यांचे म्हणणे.

हे म्हणणे जसेच्या तसे टिकलेले नाही. दख्खनचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तर सेशेल्स पूर्ण तुटले ते त्यानंतर, असा आक्षेप आहे. त्यामुळे आधी ताण की आधी लाव्हा, हा वाद उरतोच. सह्याद्रीतल्या या थरांच्या उतरंडीत तळाशी असलेल्या थरांना जव्हार आणि इगतपुरी अशी आपल्याच परिसराची नावे आहेत, आणि वाद सोडवायचा तर याच थरांची वये अधिकाधिक नेमकी काढावी लागतात. १९८१ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांच्याबरोबर बाल्झान पुरस्कार आणि २०११ मध्ये कॉप्ली पदक मिळवणाऱ्या मॅकेन्झींचा शब्दही इथे अखेरचा ठरत नाही.

दगड मी टेबलावर ठेवतो, शेजारी भिंग आहे. भोकांत जे पांढरे स्फटिक दिसतील ते शिलारसातून आलेले नाहीत, ते मागाहून पाझरलेल्या पाण्याने भरले आहेत. त्यांच्याभोवतीची जी काळी, बारीक कणांची बाजू आहे, ती पाहा. आपण आत्तापर्यंत बोललो ते तिच्याविषयी.