झोक्याच्या दोराची लय

(अमळनेर इथे संगीताच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मालिकांना संगीत देतो म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, रोजच्या भागाला रोज नवं संगीत करता का? नाही. आठवड्याला ६ भाग, जाहिराती वगळून प्रत्येक भाग साधारण २२ मिनिटांचा. एवढं कोण रोज करणार? मालिका सुरू होण्याआधीच आम्ही शीर्षकगीत आणि बीजीएमची, म्हणजे पार्श्वसंगीताची, एक 'बँक' करून देतो. आईची थीम, घराची थीम, दुरावा, संशय, लगबग. प्रत्येक थीम दोन-तीन तऱ्हांनी वाजवलेली: नुसती बासरी, नुसती व्हायोलिन्स, मग सगळा वाद्यमेळ. कुठला तुकडा कुठे लावायचा हे एडिटर ठरवतो. लेखकाने अजून लिहिलाही नाही अशा प्रसंगाचं संगीत आम्ही आज करून ठेवतो.

गवयाच्या तोंडी 'जागा' म्हणजे सुरांची नेमकी हरकत. आमच्या धंद्यात मात्र जागा सोडावी लागते. माणसाचं बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. व्यंजनं तिथे उमटतात. व्हायोलिनची आणि हार्मोनियमची धारही तिथेच असते. माझ्या पहिल्या बँकेत मी होतं नव्हतं ते सगळं भरलं होतं. मिक्सिंगला बसलेल्या वयस्कर रेकॉर्डिस्टने काही न बोलता माझे ट्रॅक एकेक करून बंद केले. अकरावा बंद झाला तेव्हा पडद्यावरच्या आईचं वाक्य ऐकू आलं. त्या दिवसापासून मी आधी संवाद ऐकतो आणि वाद्यं त्याच्या खाली नाहीतर दोन वाक्यांच्या मधे ठेवतो.

पण आज मला सांगायचंय ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्याबद्दल.

आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, हे तुम्हाला मी काय सांगणार. आमच्या गल्लीतल्या बाया झोक्यावर जे गाणं म्हणायच्या, त्याची चाल मी माझ्या पहिल्या शीर्षकगीतात घेतली. गीत ४० सेकंदांचं हवं होतं, भरभर बदलणाऱ्या दृश्यांवर. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. मिनिटाला १२५ ठोक्यांची लय धरली की प्रत्येक ठोका बरोबर १२ फ्रेमवर पडतो आणि कट नेमके ठोक्यावर बसतात. मला तो हिशेब फार आवडला. क्लिक, म्हणजे कानात लय धरून देणारा यंत्राचा ठोका, लावला, गायिका बोलावली. आवाज सुरेल, तयारीचा. तरी टेकमागून टेक होत राहिले आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा श्वास तुटत होता. शेवटी ओळी वेगवेगळ्या गाऊन घेतल्या आणि जोडल्या. गाणं लागलं, लोकांना आवडलंही.

चूक कळायला बरीच वर्षं गेली. एका आखाजीला घरी आलो होतो आणि झोक्याखाली नुसता बसलो होतो. झोका वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबतो. बाया श्वास घेतात तो तिथे. ओळीची लांबी झोक्याने ठरवलेली आहे, आणि झोक्याची लय दोराने. ४ मीटरच्या दोराला एक येरझार घालायला सुमारे ४ सेकंद लागतात, बसणारी पोर असो की आजी. जाताना २, येताना २. सेकंदाला एक ठोका धरला की मिनिटाला ६० ठोके, आणि ६० च्या लयीत प्रत्येक ठोका बरोबर २५ फ्रेमवर पडतो! माझ्या हिशेबात चोख बसणारी लय त्या गाण्यात आधीपासून होती. मी ती मोडली आणि श्वासाची जागा कापून टाकली.

दुसरी गोष्ट मला जास्त लागलेली आहे. ते शीर्षकगीत टीव्हीवर लागलं तेव्हा आई समोर बसलेली होती. 'संगीत' या शब्दाखाली माझं नाव आलं. तिने विचारलं, "हाई गाणं कोन्हं शे?" रागाने नाही, खरोखरच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'पारंपरिक चालीवर आधारित' एवढे तीन शब्दही मी लिहायला लावले नव्हते.

आपण तर बहिणाबाईंच्या मुलखातली माणसं. असोद्याची ही लेक, अक्षरओळख नसलेली. घरात-शेतात काम करता करता ओव्या रचायची. तिचा मुलगा सोपानदेव, त्यांनी त्या उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली पुस्तक आलं. तो कागद झाला नसता तर तीच गाणी आज 'पारंपरिक' म्हणून माझ्यासारख्या कुणीतरी उचलली असती. किती बहिणाबाई अशा गेल्या असतील, याचा विचार केला की मला स्वस्थ बसवत नाही.

म्हणून तुम्हा मुलांना कळकळीने सांगतो, कागद नीट ठेवा. मालिकेच्या प्रत्येक भागाची क्यू-शीट असते: कुठला तुकडा, किती सेकंद, कोणाचा. ती भरली गेली तर आयपीआरएससारख्या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेमार्फत रॉयल्टी येते. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला, की तो वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. करारावर सही करताना हे माहीत असायला हवं. मला माहीत नव्हतं आणि माझी सुरुवातीची कामं एकरकमी गेली. आणि गाणाऱ्याचाही हक्क असतो. चाल कोणाची ते माहीत नसलं तरी जिने ती माईकसमोर गायली, तिला त्या गायनावर कलावंत म्हणून ५० वर्षं हक्क आहे. आपल्याकडे बायांच्या हातात साडी-नारळ देऊन रेकॉर्डिंग नेतात. साडी जरूर द्या, पण आधी नाव लिहा.

गायकांबरोबर काम करताना आता मी आधी क्लिक लावत नाही. तानपुरा लावतो, गायकाला हवं तसं गाऊ देतो आणि त्याचा श्वास कुठे पडतो ते मोजतो. वाद्यं त्यावर बांधतो. वेळ जास्त लागतो. निर्माते कुरकुर करतात. मला ते मान्य आहे.

मागच्या आखाजीला आमच्या गल्लीत ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. सात बाया, एक झोका, दोन माईक. एक माईक गाणाऱ्यांसमोर, दुसरा फांदीला बांधलेला. सुरुवातीपेक्षा शेवटी सूर अर्ध्या पट्टीने चढलाय, तो मी खाली ओढलेला नाही. लेबलच्या कागदावर सातही नावं आहेत, पहिलं आईचं. आता ते लावतो. पहिले काही सेकंद नुसती करकर ऐकू येईल, तो दोराचा आवाज आहे.