बेलिफ दारात आणि नादारीचा हुकूम कपाटात

(कर्जवसुली आणि नादारीचा कायदा या विषयावरील जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजच्या विषयाला गर्दी होणार नाही, असा आयोजकांचा अंदाज होता. कर्जाबद्दल माणूस घरातसुद्धा दार लोटून बोलतो, तो चारचौघांत कशाला येईल? पण मागे लोक उभे आहेत. तेव्हा प्रस्तावना बाजूला ठेवतो आणि मुद्द्यावर येतो.

माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक कर्जदार एकच प्रश्न विचारतो, "वकीलसाहेब, नादारीचा अर्ज टाकला की वसुली थांबते ना?" नादारी म्हणजे कर्ज फेडणं आपल्याला अशक्य आहे, असं कोर्टाकडून ठरवून घेणं. उत्तर असं, की सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत अर्ज टाकल्याने आपोआप काहीही थांबत नाही. हुकूम झाल्यावर बरंच थांबतं, पण तेही तुम्ही थांबवलंत तर. नादारीचा हुकूम आपल्या पायांनी चालत दुसऱ्या कोर्टात, बँकेत किंवा पतसंस्थेत जात नाही. तो न्यावा लागतो, दाखवावा लागतो, पोच घ्यावी लागते. आणि काही वसुल्या अशा असतात की तुम्ही हुकूम कितीही नाचवलात तरी त्या चालूच राहतात.

आधी कायदा कोणता, ते पाहू. २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता सगळ्यांनी ऐकलेली असते, कारण मोठ्या कंपन्यांच्या बातम्या येतात. त्या संहितेत व्यक्तींसाठीही एक भाग आहे. पण तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि तिच्या कर्जाला तुम्ही स्वतः सही दिली असेल, तर तुमचं प्रकरण कंपनी न्यायाधिकरणात जातं आणि तिथे अर्ज दाखल झाल्या दिवसापासून अंतरिम स्थगिती मिळते. नोकरदार, दुकानदार, रिक्षावाले, शेतकरी यांच्यासाठी अजून ब्रिटिशांचेच कायदे आहेत. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईत हायकोर्टात जायचं, बाहेर जिल्हा न्यायालयात. हा कायदा किती जुना आहे ते त्यातल्या आकड्यांवरून कळतं. कर्ज ५०० रुपयांचं झालं की नादारी मागता येते! आज ५०० रुपयांत चौघांचं हॉटेलातलं जेवणसुद्धा होत नाही.

आता बेलिफाकडे, म्हणजे कोर्टाचं वॉरंट बजावायला येणाऱ्या कर्मचाऱ्याकडे येतो, कारण तुमच्या खऱ्या भीतीचं नाव ते आहे.

सोलापूरकडचे एक गृहस्थ. शाळेचे गणवेश शिवून द्यायचा छोटा धंदा, घराच्याच पुढच्या खोलीत मशीनं. धंदा बसला, एका व्यापाऱ्याने पैशाचा दावा लावून डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूमनामा, घेतली आणि तिच्या वसुलीसाठी दरखास्त दाखल केली. इकडे यांनी नादारीचा अर्ज केला, कोर्टाने त्यांना नादार ठरवलं, आणि हुकूम कपाटात पडून राहिला. तीन आठवड्यांनी सकाळी बेलिफ दारात. बरोबर दरखास्तदाराचा माणूस आणि दोन पंच. हे गृहस्थ मोबाइलवर हुकमाचा फोटो दाखवायला लागले. बेलिफ बिचारा सज्जन माणूस. तो म्हणाला, "हुकूम खरा असेल, पण माझ्या वॉरंटवर स्थगिती कुठे आहे?" त्याचं बरोबर होतं. तो नाझर शाखेचा, म्हणजे कोर्टाची वॉरंटं-नोटिसा बजावणाऱ्या शाखेचा माणूस. त्याला वॉरंट दिलेलं आहे, त्यावर तारीख आहे, त्या तारखेच्या आत त्याला ते बजावून अहवाल द्यायचा आहे. दुसऱ्या कोर्टाच्या हुकमाचा अर्थ लावायचा त्याला अधिकार नाही.

दरखास्तदाराचा माणूस बोट दाखवत सुटला. हे घ्या, ते घ्या. स्वयंपाकघरातल्या पातेल्यांकडे वळला तेव्हा बेलिफानेच त्याला थांबवलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये यादीच आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं-पांघरुणं यांना हात लावता येत नाही. बायकांचे जे दागिने धर्माच्या रूढीप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाहीत, ते नाहीत. वहिनींनी पदराआड मंगळसूत्र मुठीत धरलं होतं; बेलिफ म्हणाला, "ताई, ते सोडा, ते आम्ही लिहीतसुद्धा नाही." कारागिराची अवजारं नाहीत. शेतकऱ्याचे बैल, नांगर, बियाणं आणि तो राहतो ते घर नाही. वाद आला मशीनांवर. ज्या मशीनवर हे स्वतः बसून शिवायचे ते कारागिराचं हत्यार म्हणून बाजूला राहिलं. बाकीची, ज्यावर पगारी माणसं बसायची, ती पंचनाम्यात चढली आणि शेजाऱ्याच्या सुपुर्दनाम्यावर, म्हणजे त्याने सांभाळायची लेखी जबाबदारी घेतल्यावर, तिथेच ठेवली गेली. अहवालात बेलिफाने एक ओळ मात्र लिहिली की ऋणकोने, म्हणजे कर्जदाराने, नादारीचा हुकूम झाल्याचं सांगून मोबाइलवर कागद दाखवला. ती ओळ पुढे आमच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दरखास्त चालू असलेल्या कोर्टात हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल जोडून अर्ज दिला. १९२० च्या कायद्याचं कलम २८ सांगतं, की नादार ठरल्यावर माणसाची सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे ती सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जाते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय कुठल्याही धनकोला, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला, त्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही. जप्ती उठली. गृहस्थ टेम्पो घेऊनच आले होते, मशीनं न्यायला! त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. बेलिफाच्या हातून सुटलेला माल तुमच्या घरी येत नाही, तो रिसीव्हरकडे जातो. तो विकून आलेले पैसे सगळ्या धनकोंत वाटले जातात. एकट्या व्यापाऱ्याने सगळा घास गिळायचा नाही, एवढाच नादारीचा अर्थ. तुमच्याकडे राहतं ते कलम ६० मधलं, बाकी नाही. नादार असताना वडिलांची जमीन वाट्याला आली, तर तीही रिसीव्हरकडेच जाते.

हुकूम व्हायच्या आधीचा काळ जास्त नाजूक. अर्ज दाखल झाला आहे, तारखा पडताहेत, महिने जाताहेत आणि बेलिफ येतोच आहे. इथे दोन गोष्टी करता येतात आणि बहुतेक लोक दोन्ही करत नाहीत. अर्ज दाखल करून घेतानाच अंतरिम रिसीव्हर नेमा, असं मागा. कर्जदाराने स्वतः अर्ज केला असेल तर कोर्टाने एरवी तो नेमायचाच असं कलम २० म्हणतं. आणि दरखास्तीच्या कोर्टाला लेखी कळवा की नादारीचा अर्ज दाखल करून घेतला आहे. लिलाव व्हायच्या आत ही नोटीस पोचली, तर कलम ५२ खाली कोर्टाच्या ताब्यातला माल रिसीव्हरकडे द्यावा लागतो. दाव्याचा आणि दरखास्तीचा खर्च तेवढा आधी वळता होतो. लिलाव होऊन पैसे वसूल झाले की मग हात चोळत बसावं लागतं.

अटकेचं विचाराल, तर पैशाच्या डिक्रीपायी दिवाणी तुरुंगात टाकायची तरतूद आजही कायद्यात आहे. पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात, स्पष्ट केलं की नुसतं फेडता येत नाही म्हणून माणसाला आत टाकता येणार नाही; असून देत नाही, लबाडी करतो, असं दिसलं पाहिजे. बाईला पैशाच्या डिक्रीसाठी अटक होतच नाही. आणि अटक होऊन कोर्टापुढे आणलेल्या माणसाला "तू नादारीचा अर्ज करू शकतोस" हे सांगणं कोर्टावर बंधनकारक आहे. हे आपल्या भागात उगीच आलेलं नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, दंगे पसरले, आणि चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात शेतकऱ्याची कर्जापायी अटक बंद झाली आणि त्याच्यासाठी नादारीची सोय आली. आपल्या पणजोबांनी मोजलेली किंमत आहे ती.

आता बेलिफ खरा की खोटा? हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर वॉरंट येतात. "कोर्टातून बोलतोय, संध्याकाळी उचलायला येतो." खऱ्या वॉरंटवर दरखास्तीचा नंबर, कोर्टाचा शिक्का, सही आणि बजावणीची शेवटची तारीख असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. खरा असेल तर मात्र दार अडवू नका. घर तुमच्या ताब्यातलं असेल आणि तुम्ही वाट अडवलीत, तर त्याला दार तोडता येतं, वर सरकारी कामात अडथळ्याची भानगड तुमच्या गळ्यात पडते. आत घ्या, पाणी द्या, आणि तुमचं म्हणणं अहवालात लिहायला लावा.

फोनवरचे एजंट हा निराळा प्राणी. त्यांना जप्तीचा कसलाही अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, आणि एजंटने केलेल्या प्रकाराला बँकच जबाबदार. नादारीचा हुकूम झाला की हुकमाची नक्कल आणि रिसीव्हरचा पत्ता बँकेच्या तक्रार विभागाला पाठवा, एजंटला नव्हे. एजंट उद्या बदलतो, कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बँकांची थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं जातं, मग तिसऱ्याच नावाने फोन सुरू होतो. तो आला की तीच नक्कल त्यांनाही. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट. धमकी दिली तर पोलीस ठाण्यात. अ‍ॅपवरून कर्ज घेतलं असेल तर अर्जाच्या यादीत अ‍ॅपचं नाव लिहून भागत नाही; मागे जी वित्त कंपनी आहे तिचं नाव कागदपत्रांत शोधा आणि ते लिहा.

आता न थांबणाऱ्या वसुल्या. तारण घेतलेला धनको थांबत नाही. घर गहाण असेल तर बँक सरफेसीखाली, म्हणजे तारण मालमत्तेतून वसुलीच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देऊन पुढे जाते, सोनं गहाण असेल तर लिलाव होतो. नादारीचा या दोन्हींशी संबंध नाही. चेक बाउन्सचा, कलम १३८ चा खटला चालूच राहतो, तो फौजदारी आहे. पोटगी सुटत नाही. सरकारी देणं सुटत नाही. फसवणूक करून काढलेलं कर्ज सुटत नाही. पतसंस्थेचा १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला, घेऊन वसुली अधिकारी आला तर त्याच्या हातात हुकूम ठेवा आणि पोच घ्या. तो ऐकला नाही तर नादारीच्या कोर्टात जा. तो बहुधा तुम्हाला सोडून जामीनदाराच्या पगाराकडे वळतो, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटची एक खुंटी, जिथे चांगली चाललेली प्रकरणं अडकून फाटतात. नादार ठरवताना कोर्ट एक मुदत देतं, की अमुक काळात मुक्ततेचा, म्हणजे नादारीतून सुटण्याचा, अर्ज करा. लोकांना वाटतं, हुकूम झाला, सुटलो. मुदत निघून जाते, कलम ४३ खाली नादारीचा हुकूमच रद्द होतो, आणि जुने धनको जुन्या डिक्र्या घेऊन परत दारात. ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आणि मुक्तता होईपर्यंत ५० रुपयांचीसुद्धा उधारी नादार असल्याचं न सांगता घेऊ नका. तो कलम ७२ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. किराणावाल्याकडे वही असेल तर त्यालाही सांगायचं, हसू नका.

पुढे बसलेल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. मिस्टर नादार ठरले आहेत, त्यांच्या कर्जाला ताई जामीनदार आहेत, आता बँक त्यांच्या मागे लागली आहे. ताई, जामीनदार सुटत नाही. मिस्टरांची मुक्तता झाली तरी सुटत नाही, कायद्यात तसं स्वच्छ लिहिलं आहे. तुम्हाला अटक होणार नाही. तुम्ही नोकरी करता असं लिहिलं आहे, तर पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. ३१,००० पगार असेल तर महिन्याला १०,००० पर्यंतच हात लागतो. बँकेकडे एकरकमी तडजोडीचा लेखी अर्ज तुमच्या नावाने द्या, मिस्टरांच्या नावाने नको. आणि जे काही भराल त्याची पावती घेऊन रिसीव्हरकडे तुमचाही दावा नोंदवा. नवऱ्याविरुद्ध दावा कसा नोंदवू म्हणून संकोच करू नका. वाटप होईल तेव्हा बाकीच्या धनकोंच्या रांगेत तुमचं नाव असायला हवं.