पावसाच्या आधी टायर बघा

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावातून जांबोटीमार्गे गोव्याला जाताना कणकुंबी लागते. मलप्रभेचं उगमस्थान. जुलैत तिथे पाऊस असा कोसळतो की वायपरनं हात टेकावेत. पुढे चोर्ला घाटाची वळणं. तुमच्या टायरनं किती पैसे घेतले आणि त्याचं काय दिलं, याचा हिशेब त्या वळणांवर होतो.

दुकानात गेलं की एक सल्ला ठरलेला: "रुंद घाला की ओ, गाडी भारी दिसत्या!" माझ्या जुन्या गाडीला 185/65 आर15 होते. मी हौसेनं 205/65 घातले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायचा. टायरची उंची चार टक्क्यांनी वाढली, म्हणून काटा 100 वर असताना गाडी पूर्वीपेक्षा चारेक किलोमीटर जास्त पळायची. घरी मात्र मी हे कुणाला सांगितलं नाही.

आकड्यांचं गणित सोपं आहे. 185 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 65 टक्के. 15 हा रिमचा व्यास, इंचात. रिम मोठी घ्यायचीच असेल तर भिंत कमी करा, म्हणजे एकूण उंची जवळपास तीच राहते. 185/65 आर15 ऐवजी 195/55 आर16 घेतला तर फरक मिलिमीटरभराचाही पडत नाही. पुढे 88एच वगैरे असतं, त्यात 88 हा टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा आणि एच हे वेगाचं अक्षर. एच म्हणजे ताशी 210, व्ही म्हणजे 240. आपल्या हायवेवर 240 नं कोण जाणार? पण ती खूण टायर किती उष्णता सोसतो हेही सांगते, म्हणून कंपनीनं दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका.

आता गाडीप्रमाणे. हॅचबॅक हलकी, तिला महागडा स्पोर्ट टायर घालण्यापेक्षा ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा, खोल खाचांचा टायर घ्या. ताकदवान टर्बो सेडान असेल, घाटात जोरात चालवायची हौस असेल, तर मऊ रबराचा टायर खरोखर मजा देतो. फक्त तो लवकर झिजतो, हे मान्य करून घ्या. उंच एसयूव्हीला सगळ्यात आधी वजनाचा आकडा बघा. सात माणसं नि टपावर सामान घेऊन निघणाऱ्या गाडीला तो कमी पडला तर ग्रिपचं काय करायचं?

बारीक भिंतीचे टायर वळणावर झकास, पण चिकोडी-निपाणीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेल्या रस्त्यांवर एका खड्ड्यात रिम वाकते, टायरला फुगा येतो. तिकडे रोज जाणाऱ्यानं 45 आणि 50 च्या नादाला लागूच नये.

एक गोष्ट ठासून सांगतो. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे बसवा. पुढची चाकं ओढतात म्हणून लोक पुढे घालतात. पण ओल्या वळणावर गाडीचं मागचं घसरलं तर साध्या चालकाला आवरत नाही.

घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. फार जुना माल देत असतील तर परत करा. आणि नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो, तेव्हा आधी निपाणीला एखादी शांत फेरी मारून या, चोर्ला नंतर.