घरच्या सर्व्हरवरून पाठवलेला मेल दारातूनच परत का येतो?

नमस्कार. आज आधी एक ओळ वाचून दाखवतो. माझ्या घरच्या मेल सर्व्हरच्या लॉगमधली आहे.

[स्क्रीनवर लॉग, एक ओळ मोठी करून]

आकडा ५५०, म्हणजे नकार. पुढे ५.७.१. आणि त्यापुढे जे लिहिलंय त्याचा मतलब एवढाच : हा आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर) थेट मेल पाठवण्यासाठी नाही, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमार्फत या.

मेल काय होता? बहिणीला पाठवलेला, एका ओळीचा. ‘पोचला का सांग.’

त्या दिवशी मी भलताच खुशीत होतो. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, आलेला मेल वाचायला देणारं डव्हकॉट, स्वतःचं डोमेन. एसपीएफ, डीकिम, डीमार्क ही, मेल खरंच माझ्याच डोमेनचा आहे हे पटवणारी, तिन्ही प्रकरणं दोन रविवार खपून लावलेली. तपासणाऱ्या साइटनं दहापैकी दहा दिलेले. आणि पहिलाच मेल माघारी, तोही कुणी न वाचता.

न वाचता म्हणजे खरंच न वाचता. मेल पाठवणं म्हणजे दोन सर्व्हरमधलं बोलणं असतं, पोर्ट २५ वर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर. समोरचा म्हणतो २२०, म्हणजे बोला. आपला ‘एहलो’ म्हणून आपलं नाव सांगतो. मग कुणाकडून, मग कुणाला, आणि हे सगळं मान्य झालं तर ‘डेटा’ म्हणून मजकूर सुरू होतो. माझं बोलणं ‘कुणाला’वरच तुटलं. आता, डीकिमची सही मजकुराबरोबर जाते. मजकूर गेलाच नाही, म्हणजे ती सही बघायची वेळच आली नाही. दोन रविवार पाण्यात!

[कॅमेऱ्याकडे]

मग समोरच्यानं पाहिलं तरी काय? फक्त माझा आयपी पत्ता. मी कोण, काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी कुठल्या वस्तीतून आलोय, एवढंच त्यानं बघितलं.

हे असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जाऊ. मेलचा हा नियम, एसएमटीपी, १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिला. त्यात ओळख पटवायची सोयच नव्हती. ‘कुणाकडून’ या प्रश्नाला तुम्ही काहीही उत्तर द्या, समोरचा मान डोलावणार. तेव्हा जाळ्यावर मोजकी यंत्रं, बहुतेक विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची, त्यामुळे चालून गेलं. नंतर घराघरांत इंटरनेट आलं आणि २००३ च्या आसपास सोबिगसारखे व्हायरस आले. हे व्हायरस घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे आणि मालकाच्या नकळत त्याला स्पॅम पाठवायला जुंपायचे. मालक बिचारा पत्ते खेळतोय आणि त्याचा कॉम्प्युटर हजारो लोकांना औषधाच्या गोळ्या विकतोय.

आता मेल कंपनीच्या जागेवर बसून बघा. घरगुती कनेक्शनवरून थेट येऊन धडकणारा मेल म्हणजे जवळजवळ खात्रीनं कचरा. सामान्य माणूस त्याच्या पुरवठादाराच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवतो. थेट येतो तो एकतर व्हायरस, नाहीतर माझ्यासारखा हौशी. मग एकेक मेल उघडून वाचण्यापेक्षा अख्ख्या वस्तीला दार बंद केलं की काम झालं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आपण ओलं.

यासाठी याद्या आहेत. स्पॅमहाउस ही संस्था १९९८ पासून हे काम करते. त्यांची एक यादी आहे, पीबीएल. लोकांचा इथे फार गैरसमज होतो, ‘माझं नाव काळ्या यादीत का, मी काय केलं?’ काही केलं नाहीत. पीबीएलमध्ये असणं म्हणजे गुन्हा नाही. ‘या पत्त्यांवरून थेट मेल यायचं कारण नाही’ अशा पट्ट्यांची, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटांची, ती यादी आहे, आणि घरगुती कनेक्शनं त्यात असणं अपेक्षितच आहे.

हे तपासायची रीत मला फार आवडते, म्हणून सावकाश दाखवतो.

[स्क्रीनवर टर्मिनल]

समजा पत्ता आहे २०३.०.११३.४५. हा फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला पत्ता आहे, कुणाच्या घरचा नाही. तो उलटा लिहायचा : ४५.११३.०.२०३. त्यापुढे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारायचं, हे नाव आहे का? उत्तर आलंच नाही तर तुम्ही यादीत नाही. आलं, तर ते १२७.०.० ने सुरू होतं आणि सगळी मेख शेवटच्या आकड्यात असते. ११ असेल तर ती पट्टी स्पॅमहाउसनं स्वतः टाकलीय. १० असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीनंच ती कळवलीय.

माझा आला १०. म्हणजे ज्यांना मी दरमहा पैसे भरतो, त्यांनीच सांगून ठेवलं होतं की आमच्या या गिऱ्हाइकांकडून मेल घेऊ नका. चिडलो, पण त्यांच्या बाजूनं ते बरोबर आहे. एक सूचना : हा प्रश्न सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मोठ्या डीएनएसमार्फत विचारू नका. स्पॅमहाउस त्यांना नीट उत्तर देत नाही आणि तुम्ही उगाच घाबराल.

ही यादी चुकवली तरी पुढे पीटीआर आहे. आयपी पत्त्यावरून नाव शोधायची उलटी नोंद. ती लिहायचा हक्क पत्त्याच्या मालकाचा, म्हणजे पुन्हा इंटरनेट कंपनीचा. घरगुती कनेक्शनला बहुधा आकड्यांची माळ आणि मध्ये ‘डायनॅमिक’ असं काहीतरी नाव मिळतं, आणि ते बघूनही बरेच सर्व्हर नाही म्हणतात. कित्येक कंपन्या तर बाहेर जाणारं पोर्ट २५च बंद ठेवतात. टेलनेट या कमांडनं त्या पोर्टला जोडून बघा, काही त्रुटी येत नाही, नुसता कर्सर लुकलुकत बसतो.

बरं, मग एसपीएफ, डीकिम, डीमार्क कशाला? ते लागतंच. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवं, पीटीआर नीट हवा. आणि दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे. याहू कंपनीनंही त्याच सुमारास असेच नियम लावले. पण हे ओळखपत्र आहे. स्पॅम पाठवणाराही दहा मिनिटांत नवं डोमेन घेऊन तिन्ही लावतो. ओळखपत्रानं माणूस कोण ते कळतं, कसा ते कळत नाही. ते कळायला पत लागते, पत जमायला मेल पाठवावे लागतात, आणि मी आठवड्याला पाठवतो वीस. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स उघडलं की माझ्यासारख्याला रिकामा तक्ता दिसतो, कारण एवढ्या थोड्या मेलचे आकडे ते दाखवतच नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ५५० आला तर निदान तोंडावर सांगितलं. पण काही ठिकाणी २५० येतो, म्हणजे ‘मिळालं, ठीक’, आणि मेल जातो स्पॅममध्ये. मित्राला दिलेलं उत्तर अकरा दिवस तिथे पडून होतं. तो माझ्यावर रुसलेला आणि मी त्याच्यावर. माझ्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवंगार.

मग सोडून द्यायचं का? अर्धं सोडा. मेल घेणं आणि पाठवणं ही दोन कामं आहेत, आणि ही सगळी अडवणूक पाठवण्यात आहे. बाहेरून पोर्ट २५ आत येत असेल आणि स्वतःचा सार्वजनिक आयपी असेल, तर मेल खुशाल घरी घ्या. अनेक घरांमागे एकच पत्ता असेल तर मात्र तेही जमणार नाही. लॅपटॉप तासभर बंद पडला तरी मेल बुडत नाही. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो.

पाठवायला रिले घ्या, म्हणजे आपला मेल पुढे पोचवणारा दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर. पोस्टफिक्समध्ये ‘रिलेहोस्ट’ नावाची एक ओळ आहे, तिथे रिलेचा पत्ता आणि पोर्ट ५८७. लॉगिन वेगळ्या ओळीत. एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या नावानं कुणी मेल पाठवायचा त्या यादीत, रिलेचं नाव घाला, हे सगळे विसरतात. डीकिमची सही तुमच्याच लॅपटॉपवर करा. तोटा उघड आहे : जाणारा मेल रिलेवाल्याच्या हातून जातो. ते चालत नसेल तर भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या, पण तिथेही शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. मी रिले घेतला.

[स्क्रीनवर मेलचे हेडर]

हा बहिणीकडे पोचलेला मेल. ‘मूळ मेल दाखवा’ केलं की हे दिसतं. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’. आता ‘रिसीव्हड’च्या ओळी, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरमधून गेला त्या नोंदी, खालून वर वाचायच्या. वरच्या ओळी बहिणीच्या मेल कंपनीच्या, मधली रिलेची, आणि ही सगळ्यात खालची, जुन्या लॅपटॉपची. हिच्यात घरचा आयपी दिसतो, म्हणून मी तो इथे झाकलाय. तुम्हाला तो कुणालाच दाखवायचा नसेल, तर पोस्टफिक्सच्या ‘हेडर चेक्स’मध्ये ही ओळ गाळता येते. मी नाही गाळलेली.