विक्रांतच्या नावाने उभी राहिलेली राजपूत

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी असलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली असेल. आज मी बोलणार आहे तिच्या जागी उभ्या राहिलेल्या एका म्हाताऱ्या विनाशिकेबद्दल, ‘आयएनएस राजपूत’बद्दल.

राजपूतचा जन्म स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा. १९४२ साली ‘रॉदरहॅम’ या नावाने ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी महासागरात वावरली, जपानने शरणागती पत्करल्यावर सिंगापूरला पोचली. १९४९ साली ती आपल्याकडे आली.

१९७१ उजाडलं तेव्हा तिची भंगारात जायची वेळ झाली होती. तेवढ्यात पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागरात शिरली. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी तिला गुपचूप अंदमानला धाडलं आणि विक्रांत म्हणून राजपूतला विशाखापट्टणमजवळच्या समुद्रात नेऊन ठेवलं. मोठ्या जहाजाला साजेसे बिनतारी संदेश सुरू झाले. बाजारात शिध्याच्या मोठाल्या मागण्या गेल्या. आणि एक साधी तार गेली, मुद्दाम उघड्या भाषेत: विक्रांतवरचा एक खलाशी आपल्या आजारी आईची खुशाली विचारतो आहे! या तारेपाशी मी दर वेळी थांबतो. शत्रूला पटावं म्हणून निवडलं काय, तर मुलाची काळजी.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदरात परतलेली राजपूत दिवे मालवून पुन्हा बाहेर पडली. वाट दाखवणारा पायलट उतरला. पाणबुडी इथेच दबा धरून बसली असेल तर? राजपूतचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या मनात हे आलं आणि त्यांनी वेग वाढवला. इतक्यात टेहळ्याला पाण्यावर खळबळ दिसली. दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पाण्यात गेले. काही मिनिटांनी असा स्फोट झाला, की किनाऱ्यावरच्या घरांची तावदानं थरथरली.

गाझी बुडाली. राजपूतच्या माऱ्याने, असं आपलं नौदल मानतं. पाकिस्तान म्हणतं, स्वतःच्याच पाणसुरुंगाने. माझ्या लेखी राजपूतचं काम त्याआधीच झालं होतं. गाझी विशाखापट्टणमला अडकून पडली आणि तिकडे ४ डिसेंबरला विक्रांतची विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर झेपावली.

राजपूत १९७६ साली मोडीत निघाली. गाझी मात्र आजही विशाखापट्टणमच्या समुद्रात तळाशी आहे, आपल्या नव्वदहून अधिक खलाशांसह. त्यांच्याही आया वाट पाहत होत्या.