‘नर्स’ या एका शब्दाचा पसारा

मंडळी, नमस्कार.

‘नर्स’ म्हटले की आपल्यापुढे गणवेशातली परिचारिका उभी राहते. हा अर्थ बराच नंतरचा. लॅटिनमध्ये ‘नुत्रीरे’ म्हणजे पोसणे, दूध पाजणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तो दुसऱ्याचे बाळ अंगावर पाजणाऱ्या दाईसाठी. ‘न्यूट्रिशन’ आणि ‘नरिश’ ही त्याचीच भावंडे. ‘नर्सरी’ही त्याच घरातली, म्हणून ती बाळाची खोलीही असते आणि रोपवाटिकाही. जुन्या इंग्रजी नाटकातल्या नर्सला भाषांतरात परिचारिका करू नये. बहुतेकदा ती दाई असते.

दुधाचा अर्थ आजही जिवंत आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘आर यू नर्सिंग?’ असे विचारतात, तो प्रश्न नोकरीचा नसतो; ‘बाळाला अंगावर पाजता का?’ असा असतो. काही औषधे दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. उत्तर चुकले तर औषधाची निवडच चुकू शकते.

‘नर्सिंग होम’चा घोटाळा तर घरोघरचा. महाराष्ट्रात ते म्हणजे बाळंतपणाचे, ऑपरेशनचे लहान खाजगी रुग्णालय. १९४९ च्या नोंदणी कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे. ब्रिटन-अमेरिकेत मात्र रोजच्या शुश्रूषेची गरज असलेले वृद्ध जिथे राहायलाच जातात, ती जागा. ‘आईला नर्सिंग होममध्ये ठेवलंय’ हे फोनवर एकाला चार दिवसांचे वाटते, दुसऱ्याला कायमचे. तेव्हा ‘हॉस्पिटल’ किंवा ‘वृद्धांचे निवासी केंद्र’ असे सरळ सांगावे.

आपले शब्द वेगळ्या वाटेने आले. परिचारिका म्हणजे भोवती वावरणारी. ‘शुश्रूषा’ तर ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, या धातूपासून: ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञा पाळणे, मग सेवा. ‘सुश्रुषा’ लिहिले की हा सुंदर अर्थच पुसला जातो, म्हणून हे शुद्धलेखन जपायला हवे.

क्रियापद म्हणून ‘नर्स’ आले की आधी ‘बाळगणे’ लावून पाहावे. राग बाळगणे, महत्त्वाकांक्षा बाळगणे, दोन्ही चपखल बसतात. पेयाला ते चालत नाही. तिथे एकच पेला पुरवून पुरवून पिणे. दुखरा गुडघा आपण जपतो. आणि ‘नर्सिंग अ कोल्ड’ म्हणजे सर्दी अंगावर काढण्याच्या अगदी उलट: घरी थांबून, विश्रांती घेऊन ती बरी होऊ देणे.