कार्ड आहे, पण हॉस्पिटल घाटापलीकडे

नमस्कार मंडळी. आज आरोग्य विम्याबद्दल बोलूया, कोकणातल्या माणसाच्या बाजूने.

कागदावर बघाल तर महाराष्ट्रात विमा सगळ्यांना आहे. 2012 साली सरकारी आरोग्य विम्याची योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारतशी जोडलेली. 2023 च्या शासन निर्णयाने पांढरं रेशनकार्डवालेही आत आले. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, बिल न भरता.

मग देवगडात कुणाच्या छातीत दुखलं की वाशीच्या आंबा-दलालाकडे पुढच्या हंगामाची उचल का मागावी लागते?

कारण योजनेतलं, त्या आजाराची सोय असलेलं हॉस्पिटल जवळ हवं ना! पेशंट फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठतो, नाहीतर गोव्यातलं बांबोळी, नाहीतर मुंबई. भाड्याची गाडी, सोबतच्यांचं राहणं-जेवण, बुडालेली मजुरी, हे सगळं घरच्यांच्या खिशातून.

आणि मला सगळ्यात जास्त खुपते ती रोजच्या गोळीची गोष्ट. बीपीची गोळी या विम्यात नाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, पण तिथला साठा संपला की मेडिकलमधून घ्या. परवडत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो आणि एक दिवस लकवा मारतो. तेव्हा मात्र योजना लाखभर रुपये द्यायला तयार! सर्वांना विमा म्हणायचं असेल तर ही गोळी आधी त्यात आली पाहिजे.

आता तुमच्या हातातलं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाच्या, टेबलापुढे काय चालतं बघा: घडीवर फाटलेलं रेशनकार्ड, त्यावर सासूसासऱ्यांची नावं, मुलाचं नाव मुंबईच्या कार्डावर आणि बाळंतपणात गुंतागुंत झालेल्या सुनेचं नाव अजून माहेरीच. असं होऊ देऊ नका. गणपतीला सगळे घरी जमतात, तेव्हाच कार्ड काढून नावं तपासा. सत्तरी ओलांडलेल्यांचं वेगळं आयुष्मान कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पेशंटला नेण्याआधी योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर फोन करून विचारा: या आजारासाठी योजनेत जवळचं हॉस्पिटल कुठलं? पण जीवावर बेतलं असेल तर थांबू नका, 108 बोलवा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. कुणी आधी डिपॉझिट मागितलं तर आरोग्यमित्राला तिथल्या तिथे बोलवा, आणि भरावंच लागलं तर पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.